बॉट दोनदा का बोलतो आणि मधेच गप्प का बसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तासगावातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात तुम्ही काम करता. 'माझ्या पेट्या किती राहिल्या', 'आज सौद्याला (लिलावाला) काय दर निघाला', 'पेमेंट कधी' असे शेतकऱ्यांचे फोन दिवसभर वाजतात. म्हणून तुम्ही पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं एक एसडीके, म्हणजे बॉट लिहायचा तयार कोडसंच, घेऊन टेलिग्रामवर बॉट केला, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम. लॅपटॉपवर तो झकास चालला. सर्व्हरवर टाकल्यावर मात्र कधी एकाच मेसेजला दोनदा उत्तर देतो, कधी तासन्‌तास गप्प बसतो. काही बटणं दाबली की नुसतं चक्र फिरतं आणि काही मराठी बटणं असलेला मेसेज तर जातच नाही. शिवाय शेतकरी टेलिग्रामवर नाहीतच, सगळे व्हॉट्सॲपवर. तर एसडीके बदलू का, आणि कुठलं घेऊ?

बदलू नका. तुमच्या चारही दुखण्यांत एसडीकेचा दोष नाही, आणि दुसरं आणलंत तर हीच दुखणी त्याच्या मागून येतील. एसडीके म्हणजे पोस्टमन. निरोप आणतो, निरोप नेतो. निरोपाला काय उत्तर द्यायचं आणि मागचं काय लक्षात ठेवायचं, हे सगळं तुमच्या अंगावर आहे. मी गेली दहा-बारा वर्षं सांगलीत हेच काम करतोय आणि यातल्या बहुतेक चुका स्वतः करून बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी दोनदा उत्तराचं बघू. सर्व्हरवर तुम्ही वेबहुक लावलाय. म्हणजे मेसेज आला की टेलिग्राम तुमच्या पत्त्यावर येऊन तो देतं आणि पोच मागतं. तुमचा प्रोग्राम आधी शिलकेची एक्सेल फाइल उघडतो, खातं हुडकतो, उत्तर पाठवतो आणि शेवटी पोच देतो. तुम्हीच लिहिलंय की फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ओढायला कधीकधी मिनिटभर लागतो. तेवढा वेळ पोच मिळाली नाही, किंवा उत्तर गेल्यानंतर पुढच्या ओळीत एरर आली, तर मेसेज पोचला नाही असं धरून टेलिग्राम तोच मेसेज पुन्हा आणून देतं. तुमचा बॉट बिचारा पुन्हा इमानानं उत्तर देतो. तेव्हा पोच आधी, काम मागून. मेसेज आला की तो डेटाबेसमध्ये टाकायचा, लगेच 'मिळाला' म्हणायचं आणि दुसऱ्या प्रोसेसनं सावकाश उचलायचा. टेलिग्रामच्या प्रत्येक अपडेटला एक क्रमांक असतो, व्हॉट्सॲपच्या प्रत्येक मेसेजलाही स्वतःची ओळख असते. तो कॉलम युनिक करा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसच तो नाकारेल. व्हॉट्सॲपलाही हे लागू आहे, कारण पोच मिळाली नाही तर तेही पुन्हापुन्हा पाठवत राहतं.

गप्प बसण्याचं कारण बहुतेक तुमच्या टेबलावरच आहे. घरी किंवा ऑफिसात लॅपटॉपवर तोच बॉट, त्याच टोकननं (बॉटच्या गुप्त किल्लीनं), काहीतरी बघायला म्हणून तुम्ही अधूनमधून चालू करता ना? लॅपटॉपवर तो पोलिंगनं चालतो, म्हणजे स्वतःच टेलिग्रामकडे जाऊन 'काही आलंय का' विचारतो. टेलिग्राम एका वेळी एकच पद्धत चालू देतं, वेबहुक नाहीतर पोलिंग. आणि बरीच एसडीके पोलिंग सुरू करताना आधीचा वेबहुक न विचारता काढून टाकतात. तुम्ही लॅपटॉप मिटवून जेवायला जाता, पण वेबहुक गेला तो गेलाच. सर्व्हर आपला दाराकडे बघत बसतो. यावर उपाय म्हणजे बॉटफादरकडून (टेलिग्रामचा बॉट नोंदवून देणारा अधिकृत बॉट) चाचणीसाठी दुसरा बॉट, दुसरं टोकन. तो फुकट मिळतो आणि पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन बॉट असतात. चाचणीच्या बॉटचा फोटो मी मुद्दाम लाल ठेवतो, नाहीतर रात्री अकराला डोळे दगा देतात.

चक्र फिरतं ते बटण दाबल्याची पोच न दिल्यामुळे. बटण दाबल्याचा निरोप आला की 'आन्सर कॉलबॅक क्वेरी' हा कॉल करावाच लागतो, मग दाखवायला मजकूर असो वा नसो. तो फंक्शनच्या पहिल्या ओळीत टाका आणि विसरून जा.

आता मराठी बटणांचं, कारण ही खास आपली अडचण आहे आणि इंग्रजी व्हिडिओत ती कुणी सांगत नाही. टेलिग्रामच्या बटणामागे जो लपलेला डेटा जातो त्याला ६४ बाइटची मर्यादा आहे. अक्षरांची नव्हे, बाइटची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट खातं, आणि इथे काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'माझ्या शिल्लक पेट्या' घ्या. वाचताना सातच अक्षरं वाटतात. प्रत्यक्षात १८ चिन्हं आणि दोन स्पेस, म्हणजे ५६ बाइट. जेमतेम बसलं. त्याला 'दाखवा' जोडलंत की ७२ झाले आणि अख्खा मेसेज नाकारला गेला. तुमचं हेच होतंय, कारण बटणावरचा मजकूरच तुम्ही मागच्या डेटातही घातलाय. बटणावर खुशाल मराठी लिहा, पण मागे दोन-तीन रोमन अक्षरांचा कोड आणि खाते क्रमांक एवढंच जाऊ द्या. व्हॉट्सॲपवर अडचण उलटी आहे. तिथे बटणावरचा मजकूरच २० चिन्हांत बसवावा लागतो. 'माझ्या शिल्लक पेट्या' स्पेस धरून बरोबर वीस होतं, पुढे टिंब द्यायलाही जागा नाही. एका मेसेजला उत्तराची बटणं तीनच. जास्त पर्याय हवे असतील तर यादीचा मेसेज, त्यात दहा ओळी. बटणांची मराठी घासूनपुसून लिहायला मला प्रोग्रामपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो.

एसडीके कुठलं, याचं उत्तर मी दोन ओळींत देतो. पायथन येत असेल तर पायथन-टेलिग्राम-बॉट किंवा एआयओग्राम, जावास्क्रिप्ट येत असेल तर टेलिग्राफ किंवा ग्रॅमी. चारही चांगली आहेत. फक्त आवृत्ती पक्की करून ठेवा. पायथन-टेलिग्राम-बॉट १३ वरून थेट २० वर गेलं आणि तेव्हा सगळं असिंक्रोनस झालं, म्हणजे कोड लिहायची तऱ्हाच बदलली. यूट्यूबवरचे कितीतरी धडे अजून १३ चेच आहेत, आणि एआयला विचारलंत तरी तो दोन्ही आवृत्त्यांची भेळ करून हातात ठेवतो. चालत नाही म्हणून डोकं धरून बसण्याआधी कोड कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघा.

मात्र एसडीकेला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. म्हणजे काय, तर तुमचं मुख्य फंक्शन असं असू द्या: कोण विचारतोय आणि काय विचारतोय हे आत जातं, उत्तराचा मजकूर आणि पर्याय बाहेर येतात. त्या फंक्शनमध्ये टेलिग्रामचं नावही नको. टेलिग्रामचा मेसेज उलगडून आत देणारा आणि उत्तर टेलिग्रामच्या साच्यात घालून पाठवणारा, एवढाच कोड एसडीकेचा. उद्या व्हॉट्सॲप आलं की तेवढाच भाग नव्यानं लिहायचा. मी हे ठेच खाऊन शिकलो. मायक्रोसॉफ्टनं २०१६ साली बॉट फ्रेमवर्क आणलं तेव्हा मी हरखलो होतो, एकदा लिहा आणि सगळीकडे चालवा म्हणून. एका गिऱ्हाइकाचं अख्खं काम त्याच्याच संवादरचनेत गुंफलं. त्या एसडीकेचा आधार २०२५ अखेर संपला. ते काम सोडवून काढताना असं वाटलं की बाभळीत अडकलेलं धोतर सोडवतोय.

आता व्हॉट्सॲप. तिथे जायचंच आहे तर सरळ मेटाच्या (व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीच्या) अधिकृत क्लाउड एपीआयनं जा, म्हणजे प्रोग्रामला व्हॉट्सॲपशी जोडणाऱ्या तिच्याच सोयीनं. क्यूआर कोड स्कॅन करून व्हॉट्सॲप वेबवर स्वार होणारी लायब्ररी तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, 'फुकट आहे, मान्यता नको' म्हणून. ती नियमांत बसत नाही आणि नंबर कायमचा बंद होऊ शकतो. कोल्ड स्टोरेजचा नंबर म्हणजे गावोगावच्या शेतकऱ्यांच्या डायरीत लिहिलेला, पावतीवर छापलेला नंबर. तो पणाला लावायचा नसतो. अधिकृत मार्गावर एक नियम नीट समजून घ्या: शेतकऱ्यानं शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तास तुम्ही त्याला हवं ते लिहू शकता. ती मुदत संपली की फक्त आधी मंजूर करून घेतलेला टेम्पलेट, म्हणजे ठरावीक साच्याचा, मेसेज. जुलै २०२५ पासून टेम्पलेटचे पैसे मेसेजमागे लागतात. शेतकऱ्यानं विचारलं आणि तुम्ही २४ तासांत साधं उत्तर दिलं तर त्याला पैसे नाहीत. म्हणून तुमचा बॉट 'विचारलं तर सांगणारा' ठेवा. रोज सकाळी सगळ्यांना दर पाठवायची हौस मालकाला येणारच. तेव्हा महिन्याचा हिशेब करून त्यांच्यासमोर ठेवा, हौस बहुधा आपोआप फिटते.

सर्व्हरबद्दल एक उलटा सल्ला. टेलिग्रामपुरतं असेल तर वेबहुक लावायचीही गरज नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पोलिंग चालवा. डोमेन नको, सर्टिफिकेट नको, आणि शिलकेची फाइलही तिथेच आहे. लाईट गेली तर न उचललेले मेसेज टेलिग्राम २४ तास राखून ठेवतं. व्हॉट्सॲपला मात्र पोलिंगच नाही, तिथे वेबहुक लागतोच. मग एक छोटा सर्व्हर घ्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरनं दर तासाला शिल्लक त्यावर ढकलावी. बाहेरून कुणी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येणार नाही, असंच ठेवा. वेबहुकवर येणारा प्रत्येक मेसेज खरंच तिथूनच आलाय का, हे त्याच्या डिजिटल सहीवरून किंवा गुप्त टोकनवरून तपासा. एसडीकेत त्याची सोय असते, पण ती बंद ठेवूनही बॉट छान चालतो म्हणून कुणी चालू करत नाही.

इथवर झालं ते नळजोडणीसारखं, निरोपांच्या ने-आणीचं काम. माझी रात्रीची झोप ज्यानं घालवली ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्या धंद्यातलीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका अडत दुकानासाठी बॉट केला होता. बॉट शेतकऱ्याला विचारायचा, 'तुमचा अमुक लॉट उद्याच्या सौद्याला काढायचा का?' उत्तर हो किंवा नाही. एका काकांनी उत्तरच दिलं नाही, कारण दर चढेल म्हणून ते थांबले होते. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी त्यांना त्याच चॅटवर वेगळ्याच कामासाठी मेसेज केला, 'मागच्या विक्रीची पट्टी तयार आहे, फोटो पाठवू का?' काका म्हणाले, 'हो.' बॉटच्या लेखी काकांकडे एकच प्रश्न थकलेला होता, कालचा. त्यानं लॉट सौद्याला लावला. पेटी फोडून नमुना मांडला गेला तेव्हा काकांच्या भावकीतल्या कुणीतरी ओळखलं आणि फोन केला, 'अण्णा, दर पडलाय आणि तुम्ही माल काढलाय व्हय?' दर शेतकऱ्याला मान्य नसेल तर माल मागे घेता येतो म्हणून निभावलं. पण पेटी फुटली ती फुटली, आणि काका दुकानात येऊन माझ्याशी नाही, दिवाणजींशी भांडले.

चूक एसडीकेची नव्हती. संवाद कुठल्या पायरीवर आहे हे त्यानं मी सांगितलं तसंच लक्षात ठेवलं होतं. मीच सांगितलं नव्हतं की प्रश्न शिळा होतो. तेव्हापासून माझा प्रत्येक थकलेला प्रश्न मुदत घेऊन जन्मतो, साधारण अर्ध्या तासाची. मालाला, पैशाला, नावाला हात लावणारी गोष्ट मी टाइप केलेल्या 'हो'वर कधीच करत नाही. बटणच दाबावं लागतं, त्या बटणामागे लॉट क्रमांक आणि तारीख असते, आणि जुनं बटण दाबलं तर 'हा प्रश्न कालचा आहे, नव्यानं विचारू का?' असं उत्तर येतं. संवादाची पायरी डेटाबेसमध्ये ठेवा. बऱ्याच एसडीकेंची तयार संवादयंत्रणा ती सांगितल्याशिवाय फक्त मेमरीत ठेवते. सर्व्हर रीस्टार्ट झाला की बॉटला स्मृतिभ्रंश, आणि शेतकरी मात्र अर्ध्या वाक्यात उभा.

ओळखीचंही तसंच. टेलिग्राम तुम्हाला मोबाइल नंबर देत नाही. नंबर शेअर करायचं बटण द्यावं लागतं. तिथे एक चोरवाट आहे. माणूस बटण न दाबता आपल्या फोनमधला दुसऱ्याचाच कॉन्टॅक्ट पाठवू शकतो. आलेल्या कॉन्टॅक्टमधला यूजर क्रमांक आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक एकच आहे का, हे तपासल्याशिवाय खातं जोडू नका. व्हॉट्सॲपवर नंबर बहुधा आपोआप कळतो, पण नंबर म्हणजे माणूस नव्हे. फोन मुलाकडे असतो, खातं वडिलांच्या नावानं, आणि पेट्यांत तीन भावांची वाटणी. एकाच्या पेट्या दुसऱ्याला दिसल्या तर बॉट राहील बाजूला आणि बांधाचं भांडण तुमच्या काउंटरवर येईल. कुठला नंबर कुठल्या खात्याला, हे शेतकरी ऑफिसात आल्यावर दिवाणजींनीच सही घेऊन जोडावं. आपोआप जोडणी मी ठेवतच नाही.

मजकूर ओळखण्याबद्दल. पंधरा दिवस ऑफिसच्या फोनवर आलेले मेसेज नावं गाळून वहीत उतरवा आणि त्यानंतरच कोडला हात लावा. तुम्हाला दिसेल की 'पेटी किती ऱ्हायली', 'पेट्या शिल्लक', रोमनमध्ये लिहिलेलं मराठी, नुसता पावतीचा फोटो आणि दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, असं सगळं एकाच प्रश्नासाठी येतं. आकडे देवनागरीत येतात. पायथनचं मजकुराचा आकडा करणारं इंट फंक्शन '१२३' बिनतक्रार १२३ धरतं, जावास्क्रिप्ट मात्र 'हा आकडाच नाही' म्हणतं. दोन्हीकडे काम करणार असाल तर आकडे आधीच एका लिपीत आणा. आपल्या 'ऱ्य'चा 'ऱ' यूनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, अख्खा किंवा 'र' खाली नुक्ता देऊन. दिसायला एक, कॉम्प्युटरला वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन (अशी रूपं एकसारखी करायची यूनिकोडची रीत) केलं की एक होतात. अधूनमधून घुसणारी अदृश्य जोडचिन्हंही त्याच वेळी काढून टाका, नाहीतर 'दऱ्याप्पा' नावाचं खातं वर्षभर सापडणार नाही.

एआय लावू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मालक विचारतील. लावा, फक्त एवढ्यासाठी: आलेलं वाक्य शिल्लक, दर, पेमेंट की इतर, यातलं काय आहे ते सांगायला. आकडा त्याच्या तोंडून कधीच वदवू नका. आकडा वहीतून यायचा, जसाच्या तसा.

आणि प्रत्येक आकड्याला वेळ चिकटवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यानंतर मी गल्लीतल्या लोकांसाठी पाण्याची पातळी सांगणारा लहानसा बॉट केला. पातळी मीच हातानं भरायचो. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा मी घरातलं सामान माळ्यावर टाकत होतो आणि भरायचं राहून गेलं. बॉट मात्र सकाळचाच आकडा ठणकावून सांगत होता. एका शेजाऱ्यानं त्यावर भरवसा ठेवून गाडी हलवली नाही. आता तोच बॉट 'सकाळी ७ ची नोंद' असं आधी सांगतो आणि तीन तास नवी नोंद नसेल तर आकडाच देत नाही, 'ताजी नोंद नाही' म्हणतो. तुमच्या दरालाही हेच करा. सौदा कुठल्या दिवशीचा, तासगावचा की सांगलीचा, हे लिहिल्याशिवाय दर देऊ नका. दिवाळीच्या सुमारास झिरो पेमेंटसाठी, म्हणजे सगळी देणी चुकती करायला, सौदे बंद असतात तेव्हा बॉटनं महिन्यापूर्वीचा दर आजचा म्हणून सांगितला, तर शेतकरी तो धरून बसेल आणि समजूत घालायला तुम्हालाच जावं लागेल.

राहिलं शेवटचं बटण, 'दिवाणजींशी बोला'. ते प्रत्येक मेसेजखाली असू द्या, आणि दोनदा समजलं नाही तर बॉटनं स्वतःच ते पुढे करावं. ते दाबलं की बॉट त्या शेतकऱ्यापुरता गप्प, दिवाणजी मोकळं करेपर्यंत. नाहीतर दोघे एकदम बोलतात. दिवाणजी जेवायला दीड ते अडीच घरी जातात हे मी एकदा विचारलंच नव्हतं, त्यामुळे बॉट रोज तासभर शेतकऱ्यांना रिकाम्या खुर्चीकडे पाठवत होता. तुमच्या दिवाणजींची वेळ आधी विचारून घ्या आणि ती बॉटमध्ये लिहा.